बुधवारचा कोनाडा

कॉलेज निघाले तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. सांगलीच्या हळदपेठेमागे शेंगांचे एक जुने गोदाम रिकामे पडले होते. त्यात तट्ट्यांच्या भिंती घालून चार वर्ग केले आणि पुढच्या ओट्यावर प्राचार्यांचे टेबल मांडले. हवा जरा दमट झाली की फरशीच्या फटींतून शेंगांच्या टरफलांचा वास वर येई. पुढे साहेब झालेले, वकील झालेले, लष्करात गेलेले या कॉलेजचे विद्यार्थी एकमेकांना भेटले म्हणजे आधी त्या वासाची आठवण काढीत आणि मग एकमेकांचा वार विचारीत.

वार विचारण्याचे कारण असे होते. कॉलेजला वसतिगृह नव्हते, आणि मुले तर लांबून येत. कुणी वाईचा, कुणी साताऱ्याचा, कुणी कडेगाव-इस्लामपूरकडच्या खेड्यातला. खानावळ परवडणारी मुले थोडी. तेव्हा प्राचार्य अण्णा स्वतः छत्री घेऊन गावातून हिंडले आणि घराघरातून त्यांनी एकेक वार मागून आणला. कुणी सोमवार दिला, कुणी गुरुवार. गावभागातल्या हळब्यांच्या घराने बुधवार दिला. सात घरे जुळली की एका मुलाचा आठवडा भरे. कॉलेजच्या पहिल्या पंधरा-सोळा वर्षांत जी मुले पदवीधर झाली, त्यांतली निम्मी तरी अशी वारांवर वाढली.

यातूनच माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा रिवाज पडला. पौषातल्या एका रविवारी सगळे जमत. सकाळी गोदामात सभा होई. अण्णा, आणि अण्णांच्या मागे जे कुणी प्राचार्य असतील ते, दोन शब्द बोलत. दुपारचे जेवण मात्र कॉलेजात कधीच नसे. जो तो आपल्या जुन्या वाराच्या घरी जाई. आगाऊ कळवायचे नाही, आणि दारात उभे राहून नाव सांगायचे नाही. फक्त आपला वार पुकारायचा. आतल्या बाईने आवाज ओळखायचा. त्या दुपारी सांगलीच्या बोळांतून मध्येच एखादा पोक्त आवाज उठे, "काकू, गुरुवार आलाय," आणि आतून भांड्यांची लगबग ऐकू येई. रविवारच्या दिवशी सगळे वार एकदम यायचे याचे नव्या माणसाला हसू येई. गावाला त्याची सवय होती.

चारुशीलाबाई हळबे या दिवसासाठी अंदाजाने स्वयंपाक करीत. मूलबाळ नसलेल्या त्या घरात त्यांचे पती गोपाळकृष्णपंत संस्थानच्या दप्तरात नोकरीला होते आणि घरी आले की वाचीत बसत. तसे पाहिले तर बुधवार हाच त्या घरातला बोलता दिवस. त्या दिवशी दोन मुले जेवायला असत. मुले कॉलेजातल्या गोष्टी सांगत, प्राध्यापकांच्या नकला करीत, आणि पंतही पुस्तक मिटून हसत. मग पंत वारले, आणि दोनच वर्षांत धान्यावर नियंत्रण आले. रेशनच्या मापात परक्या मुलाचा घास बसेना. घरे एकामागून एक वार सोडू लागली, आणि कॉलेजने गोदामाशेजारी पत्र्याची खानावळ काढली. चारुशीलाबाईंनी बुधवार सोडला नव्हता. बुधवारी येणारे मूलच उरले नाही.

एकोणपन्नास सालच्या पौषात मेळाव्याआधी चार दिवस चिंतामण त्यांच्याकडे आला. हा त्यांचाच जुना बुधवार. आता तो त्याच कॉलेजात इतिहास शिकवीत होता आणि माजी विद्यार्थी मंडळाचा चिटणीस होता. माजघरात पाटावर बसून त्याने नेहमीसारखे गुळाबरोबर पाणी घेतले आणि मग जे सांगायचे होते ते सांगितले. गावाबाहेर कॉलेजची नवी इमारत पुरी होत आली होती. पुढल्या वर्षापासून मेळावा तिथेच, मोठ्या सभागृहात, आणि जेवणही तिथेच. मिरजेहून आचारी आणायचे ठरले होते. आता किती घरे उरली आहेत, आणि आहेत त्यांना किती त्रास द्यायचा, असे कमिटीचे मत पडले. म्हणजे यंदाचे वाराचे जेवण शेवटचे. त्याला स्वतःला यंदाही येता येणार नव्हते, कारण मुंबईहून येणाऱ्या अध्यक्षांबरोबर त्याला जेवावे लागणार होते.

"मग माझ्याकडे कोणी नाही म्हणायचे," चारुशीलाबाई म्हणाल्या.

"असं कसं? तुमचा पडवीतला सरदार येतोय की." चिंतामण हसला. "हंबीरराव. साताऱ्याला सैनिकांच्या कचेरीत असतो आता. इटलीपर्यंत जाऊन आलाय. यंदा येतो म्हणून निरोप आहे त्याचा."

हसता हसता त्याला काही आठवले असावे. मग तो कॉलेजचा इतिहास छापायचा आहे, त्यात वार देणाऱ्या घरांवर एक परिच्छेद येणार आहे, असे सांगू लागला. कोण कुठे बसून जेवत असे ते त्यात काही घालणार नाही, असेही तो आपण होऊन म्हणाला. तो गेल्यावर त्या बराच वेळ पडवीत उभ्या राहिल्या.

पडवीच्या भिंतीत छातीच्या उंचीवर एक कोनाडा होता. हंबीरराव पहिल्यांदा आला तेव्हा पंतांनी त्याला माजघरात बसवायचे म्हटले होते. कडेगावकडच्या शेतकरी घरातला मुलगा, कुळवाडी. चारुशीलाबाई तयार झाल्या नाहीत. वार द्यायला त्यांची ना नव्हती, पण त्याने पडवीत बसावे आणि आपले भांडे आपण घासून ठेवावे, एवढे त्यांनी ठरवून टाकले. मुलानेही ते सरळ मानले. पुढच्या बुधवारी तो घरून आपली थाळी घेऊन आला. काशाची, जड, खोल काठाची. काठावर टिंबांनी नाव कोरलेले, 'सौ. अंजना भ्रतार लालासाहेब'. आईच्या लग्नातली थाळी. जेवण झाले की तो ती न्हाणीजवळच्या दगडावर राखेने लख्ख घासी आणि कोनाड्यात उभी करून ठेवी. चार वर्षे ती तिथेच राहिली. चिंतामण आत जेवे, हंबीर बाहेर. आणि उंबऱ्यावरून दोघांच्या गप्पा चालत. चारुशीलाबाई दोघांना वाढायला सारख्याच उठत. बाहेर वाढताना हात मात्र वर धरीत.

कॉलेज सुटल्यावर हंबीर थाळी नेईल असे वाटले होते. त्याने नेली नाही. मेळाव्याला येईन तेव्हा लागेल, असे म्हणाला. लढाई सुरू होईपर्यंत तो दर मेळाव्याला आला, पडवीत बसून जेवला आणि थाळी घासून गेला. पंतांच्या अखेरच्या वर्षी चारुशीलाबाईंच्या मनात आले होते की आता तरी त्याला आत बोलवावे. जिभेवर आलेले शब्द त्यांनी पुढल्या वर्षावर ढकलले. पुढल्या वर्षी तो पलटणीत गेला.

पंत गेल्यावरची गोष्ट मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. चारुशीलाबाईंच्या स्वतःच्या ताटावरही त्यांचे नाव 'सौ.' सकट कोरलेले होते. तेराव्यानंतर ते ताट त्यांनी फडताळाच्या वरच्या कप्प्यात पालथे घातले आणि त्या केळीच्या पानावर, नाहीतर पत्रावळीवर जेवू लागल्या. एका बुधवारी पडवी झाडताना त्यांनी कोनाड्यातली थाळी पुसायला म्हणून खाली काढली. पुसता पुसता ती स्वयंपाकघरात आली. त्या दिवशी त्यांनी तीत आमटीभात कालवला आणि दाराकडे पाठ करून जेवल्या. सोवळे मोडले, हे त्यांना कळत होते. पण पानावर एकटीने जेवताना श्राद्धाला बसल्यासारखे वाटे. या थाळीत कुणाचे तरी उरलेले जेवण पुरे करावे तसे वाटले. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तीच घेतली, आणि मग रोज. माडीवरची भाडेकरीण शरयूची पावले जिन्यात वाजली की त्या थाळीवर पदर ओढून घेत.

गेल्या वर्षी मेळावा झाला नव्हता. पौष सरत आला आणि दिल्लीची ती बातमी येऊन थडकली. मागोमाग गावोगाव ब्राह्मणांची घरे पेटली. चारुशीलाबाईंच्या भावाचेही घर त्यात गेले. तो बायकामुलांना घेऊन तीन दिवस त्यांच्याकडे राहिला आणि नंतर कायमचा पुण्याला निघून गेला. जाताना तो बहिणीला म्हणाला होता, त्या लोकांना पुन्हा उंबऱ्याशी उभे करू नकोस. घर जाळणारा जमाव कुठल्या गावचा होता, हे भावालाही नीट सांगता आले नव्हते. हंबीर तेव्हा कुठे होता हे त्यांना माहीत नव्हते. विचारणार तरी कुणाला? तो येईल आणि परका होऊन येईल, याचीही त्यांना भीती वाटे. येणारच नाही, याची तर वाटेच.

आता तो येणार होता, आणि यंदाच्या नंतर पुन्हा कधी येण्याचे कारण राहणार नव्हते. यंदा त्याला आत बसवायचे, चारुशीलाबाईंनी मनाशी ठरवले. ते कसे करायचे याचाच चार दिवस विचार चालला. "आत ये" असे म्हणणे म्हणजे इतकी वर्षे बाहेर बसवले त्याची आठवण करून देणे. थाळी कोनाड्यात ठेवावी, तर तो आपसूक तिथेच बसेल. शेवटी त्यांनी उपाय काढला तो असा. थाळी कोनाड्यात नसेल. रिकामा कोनाडा पाहिला की बाहेर बसण्याचा रिवाज संपला हे त्याचे त्यालाच कळेल, कुणाला काही बोलावे लागणार नाही. माजघरात पाट मांडलेला असेल आणि पुढ्यात पंतांचे चांदीचे ताट.

रविवारी त्यांनी काळ्या वांग्यांची भरली भाजी केली, शेंगदाण्याची आमटी केली, आणि साठवून ठेवलेल्या खपली गव्हाची खीर. शरयूने वरून वासावरून चौकशी केली, तेव्हा कुणीतरी येईल म्हणून केले आहे, इतकेच त्या म्हणाल्या. थाळी घासून त्यांनी चुलीमागच्या फळीवर उभी केली. दुपार झाली. पलीकडच्या बोळात कुणीतरी शुक्रवार पुकारला. त्या दारात जाऊन परत आल्या. गोदामातली सभा कधीच सुटली असणार. आमटी त्यांनी पुन्हा एकदा निखाऱ्यावर सारली.

"काकू, बुधवार आलाय."

आवाज थोडा जाड झाला होता, पण ओळखायला वेळ लागला नाही. चारुशीलाबाई हात पुसत बाहेर आल्या. हंबीरराव पायरीवर बूट काढीत होता. कानाजवळ केस पांढरे झाले होते आणि अंगात लष्करी कापडाचा कोट होता. त्याने वाकून नमस्कार केला, प्रकृतीची चौकशी केली, पंतांचे कळले तेव्हा आपण आफ्रिकेच्या वाळवंटात होतो, असे सांगितले. त्याला अहो म्हणावे की अरे, हे चारुशीलाबाईंना ठरवता येईना, म्हणून त्या नुसत्या मान हलवीत राहिल्या.

मग सवयीने तो पडवीच्या भिंतीकडे वळला, आणि कोनाड्यापाशी थांबला.

कोनाडा सारवलेला, कोरा. त्याने एकदा आत हात घालून पाहिला, जणू थाळी दिसत नसली तरी तिथे असेल. हात काढला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. त्यात राग नव्हता. एखाद्या कचेरीत चुकून शिरलेला माणूस बाहेर पडताना जसा नीट, सभ्य होतो, तसा तो दिसू लागला.

"जेवायला थांबत न्हाई काकू," तो म्हणाला. "सातारची मोटर गाठायची हाय. दारावरनं जाऊ नये म्हणून आलो."

"पान मांडले आहे. आत."

त्याने आत पाहिले नाही. "ऱ्हाऊ द्या. औंदा माणसांची मनं कशी झाल्याती, मला ठावं हाय. तुमच्या भावाचं बी कळलं मला. तुमच्या जागी कुनी बी असंच केलं असतं. आई गेली श्रावणात. तिच्या नावाची भांडी बहिणींनी एकेक वाटून घेतली. माझ्या वाट्याला म्हटलं ती थाळी ऱ्हाऊ दे, काकूंच्याकडं हाय. म्हणून आलतो. मोडीत घातली असंल तर घातली. माझं काय म्हननं न्हाई."

तेव्हा चारुशीलाबाईंना कळले की आपण रिकामा ठेवलेला कोनाडा त्याने कसा वाचला. त्यांच्या इतक्या दिवसांच्या विचारातून हेच एक सुटले होते. तो पायरी उतरून बुटात पाय घालू लागला. आत पाट मांडला होता, ताट मांडले होते. पण ते दाखवून काही उपयोग नव्हता. चांदीचे ताट पाहुण्यालाही मांडतात, अधिकाऱ्यालाही मांडतात. त्याची थाळी टाकलेली नाही याचा पुरावा मिळेल असे एकच वाक्य होते, आणि ते त्या घराच्या भिंतींनीही कधी ऐकले नव्हते.

"थाळी आत आहे," त्या म्हणाल्या. "मी तिच्यात जेवते."

जिन्यावर शरयू उभी होती की काय, त्यांनी पाहिले नाही.

हंबीररावाचा एक पाय बुटात तसाच राहिला. "कवापासनं?"

"हे गेले, त्यानंतर. बुधवारी कुणी येईना झाले तेव्हापासून."

"रोज?"

"रोज."

त्याने बुटातून पाय काढला, न्हाणीशी जाऊन पाय धुतले आणि तो उंबऱ्यापाशी आला. तिथे क्षणभर अडखळला, आणि आत आला. पाटावर बसल्यावर त्याने चांदीचे ताट हाताने जरा पुढे सरकवले. चारुशीलाबाईंना वेगळे सांगावे लागले नाही. फळीवरची थाळी आणून त्यांनी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने काठावरच्या नावावरून अंगठा फिरवला. टिंबे झिजली होती.

"लय घासली तुमी," तो म्हणाला.

"राख जास्त घेते मी. सवय आहे."

तो पूर्वीसारखाच जेवला. आधी भाकरी आमटीत मोडून, मग भात, आणि खीर सर्वांत शेवटी. वाढताना चारुशीलाबाईंनी हात वर धरला नाही. डाव थाळीला टेकला तेव्हा काशाचा तो ओळखीचा नाद झाला. बोलणे फारसे झाले नाही. आई कशाने गेली ते त्याने सांगितले. पलटणीतल्या जेवणाची एक गंमत सांगितली. तिथे कोण कुठला ते न पाहता सगळ्यांना एका रांगेत ॲल्युमिनियमचे डबे धरून उभे करीत, आणि तेव्हा त्याला हमखास या पडवीची आठवण येई. हे तो टोमणा म्हणून बोलला की नुसतीच आठवण म्हणून, हे त्यांना कळले नाही, आणि त्यांनी विचारलेही नाही. जे होते ते खरे होते.

हात धुवायला उठताना त्याने थाळी उचलली आणि दोन पावले न्हाणीकडे टाकली. मग आपण काय करतो आहोत हे ध्यानात येऊन तो मध्येच उभा राहिला. चारुशीलाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी थाळीला हात लावला. थोडा वेळ ती दोघांच्याही हातात होती. मग त्याने सोडली.

त्यांनी ती दगडावर घासली, विसळली, पदराने पुसली. त्याचा निघायचा वेळ झाला तेव्हा पंतांच्या एका धुवट उपरण्यात गुंडाळून त्याच्यापुढे धरली.

"ऱ्हाऊ द्या इथंच," तो म्हणाला. "बहिणींना सांगतो मी."

"तुझ्या आईचे नाव आहे तिच्यावर. तुझ्या घरी असावी." त्या 'तुझ्या' म्हणाल्या हे दोघांच्याही लक्षात आले.

"मग तुमी कशात जेवाल?"

"ताटे आहेत."

त्याने गठुळे घेतले. पुढल्या वर्षी येतो, असे तो म्हणाला नाही. पुढल्या वर्षीचे जेवण गावाबाहेरच्या सभागृहात होते, आणि तिथे कुणी वार पुकारणार नव्हते. कधी साताऱ्याला आलात तर घरी या, असे त्याने सांगितले, आणि चारुशीलाबाईंनी येईन म्हटले. त्या साताऱ्याला कधी गेल्या नव्हत्या. बोळाच्या वळणावर त्याने मागे पाहिले. नंतर टांग्याचा आवाज आला आणि कमी होत गेला.

संध्याकाळी त्यांनी उरलेली आमटी पानावर घेतली, आणि ती पसरत गेली.

पुढचा बुधवार उजाडला. स्वयंपाक झाल्यावर चारुशीलाबाईंनी स्टूल घेऊन फडताळाच्या वरच्या कप्प्यातले आपले ताट खाली काढले. त्यावर धुळीचा थर होता. घासल्यावर अक्षरे दिसू लागली. 'सौ. चारुशीला' एवढे त्यांनी वाचले आणि त्यावरच भात वाढून घेतला. ताट घेऊन त्या पडवीत आल्या आणि कोनाड्याखाली, हंबीर बसत असे त्या जागी, दाराकडे तोंड करून बसल्या. दार उघडे होते. बोळात ऊन होते आणि माणूस नव्हते.

शरयू जिन्यावरून खाली आली ती घागर घेऊन. काकूंना असे बाहेर बसलेले पाहून ती थबकली.

"कुणी यायचं आहे का, काकू?"

"नाही गं," चारुशीलाबाई म्हणाल्या. "जेवते आहे."

त्यांनी ताटावर पदर ओढला नाही. शरयू घागर घेऊन पुढे गेली, आणि त्या भात कालवू लागल्या.